सात नंबरची पिशवी

माझा तेलांवर राग आहे, असं आमच्या वृद्धाश्रमात सांगितलं जातं. म्हणे, नाकाडीला सुगंधाचं वावडं आहे, तिने लॅव्हेंडरने भरलेलं चांगलं यंत्र खिडकीतून खाली फेकलं. साफ खोटं. एक तर मी ते फेकलं नाही. खिडकी मी आधीच उघडली होती आणि वायर उपटताना यंत्र हातातून निसटलं. निसटलं ते बरंच झालं. दुसरं म्हणजे, या इमारतीत तेलाची पहिली बाटली मी आणली, माझ्या पर्समधून, रुमालात गुंडाळून. तेव्हा तेलांचे फायदे मला कुणी शिकवायला येऊ नये. माझा राग कशावर आहे ते मीच सांगते, आणि कुणाची भीडभाड न ठेवता सांगते.

मी इथल्या धुलाईघरात काम करते. एकोणीस वर्षं झाली. तळघरातली लांबट खोली, एक मोठं मशीन, एक वाळवायचं, कोपऱ्यात सिमेंटचा हौद आणि छताला लागून एक खिडकी, तिच्यातून फक्त लोकांचे बूट दिसतात. मला नाकाडी म्हणतात ते दोन कारणांनी. माझं नाक लांब आहे, हे एक. आणि ते चालतं, हे दुसरं.

माझी एक पद्धत होती. बारा खोल्या, बारा पिशव्या. जाड कापडाच्या, नंबर मी स्वतः लाल दोऱ्याने घातलेले. सकाळी आठला आया त्या खाली आणून टाकायच्या. मशीन लावण्याआधी मी एकेक पिशवी उघडायची आणि तोंड आत घालून वास घ्यायची. नवीन आलेली पोरगी ते बघून तोंड वाकडं करायची. करू दे. म्हातारं माणूस मुलांपासून दुखणं लपवतं, डॉक्टरांपासून लपवतं, पण चादरीपासून कसं लपवणार? लघवीत जंतू झाले की चादर वेगळी येते. साखर वाढली की घामाला गोडसर झाक येते. औषध थुंकून उशीखाली ठेवलं असेल तर अभ्र्याला कडवट वास असतो. मी दाराशी पाटी टांगली होती, तिच्यावर खडूने लिहायची. ‘चार, लघवी तपासा.’ ‘अकरा, साखर बघा.’ मोठ्या सिस्टर रोज साडेआठला जिना उतरून पाटी वाचायच्या. गुरुवारी येणारे डॉक्टर पहिल्यांदा हसले होते. तपासणीचे कागद आल्यावर हसायचे थांबले.

आता तेलांचं. माझी धाकटी बहीण मालिश करते, रीतसर शिकून, परीक्षा देऊन. तिच्या खोलीत भिंतभर छोट्या बाटल्या आहेत. मी तिची टर उडवायची, हे मला कबूल केलं पाहिजे. “वास घेऊन माणसं बरी व्हायला लागली तर तुझी भाची डॉक्टरकीला कशाला गेली?” असं मी तिला चारचौघांत म्हटलेलं आहे. मग माझा नवरा गेला. चार महिने माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मी उशी फिरवायची, पाणी प्यायची, पुन्हा उशी फिरवायची. एका रविवारी बहीण आली, बडबड न करता रुमालावर लॅव्हेंडरचा एक थेंब टाकला आणि उशीशेजारी ठेवून गेली. पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. मी तिला फोन करून तसं ऐकवलंसुद्धा. नवव्या दिवशी मी सकाळी उठले तेव्हा रुमाल माझ्या गालाखाली होता आणि कामाला उशीर झालेला होता.

“ताई, हे औषध नव्हे,” ती म्हणाली. “दुखणं असेल तर आधी डॉक्टर. तेल नुसतं सोबतीला असतं. वास घेतला की जीव जरा खाली बसतो, श्वास लांब होतो, स्नायू सैल पडतात. बाकीचं काम अंग आपलं आपण करतं.”

तिचे नियम कडक होते. एका वेळी एक थेंब. तो कापसावर, अंगावर नाही. आधी माणसाला विचारायचं. पंधरा मिनिटांनी खिडकी उघडायची. आणि माणसाने नको म्हटलं, नुसती मान फिरवली तरी, कापूस उचलायचा. हे सगळं मी पाठ केलं होतं. पाठ असूनही पुढे मी काय केलं ते येईलच.

सात नंबरच्या खोलीत सुतारकाका होते. जन्मभर दारं-खिडक्या केलेले, मोठ्या पंजांचे गृहस्थ. झटक्याने त्यांची वाचा गेली आणि उजवं अंग लुळं पडलं. डावा हात तेवढा शाबूत, आणि तो सारखा चाललेला. चादर ओढ, पेला पाड, आयेच्या हाताला फटका मार. दोघी आया त्यांच्या खोलीत जायला कां-कूं करायच्या. लेक दर रविवारी यायची, दहा मिनिटं खाटेच्या कडेला टेकायची, नाकाला रुमाल लावायची आणि डोळे पुसत निघून जायची.

मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “सुतार ना? देवदार देऊन बघ.”

मी मोठ्या सिस्टरांची परवानगी काढली, डॉक्टरांना विचारलं आणि एका दुपारी कापसावर देवदाराचा थेंब टाकून काकांच्या समोर धरला. “काका, चालेल का?” त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग वास घेतला. पुन्हा घेतला. आणि त्यांचा डावा हात पांघरुणावरून पुढे सरकायला लागला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. अंगठा वर, बोटं खाली, मनगट ताठ. मला कळायला मिनिटभर लागलं. काका रंधा मारत होते. चांगली दहा मिनिटं त्यांनी ती फळी तासली, मग हाताच्या पालथ्या बाजूने ‘भुसा’ झटकला आणि झोपले. मी खाली येऊन हौदाच्या काठावर बसले आणि ढसाढसा रडले. नवरा गेल्यावरही मी एवढी रडले नव्हते.

तेव्हापासून दर दुपारी मी पंधरा मिनिटं वर जायची. तीन नंबरच्या पोस्टातल्या काकूंना औषधांनी मळमळायचं, त्यांना पुदिना दिला की त्या अर्धा पाव खायच्या. काहींना काहीच उपयोग झाला नाही, तेही सांगते. नऊ नंबरचे काका म्हणाले, “मला माझ्या साबणाचा वास पुरे.” मी म्हटलं, बरं. इतकं सोपं होतं ते.

मग मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्याच महिन्यात मॅडम आल्या, नव्या व्यवस्थापक. मॅडम वाईट बाई नाहीत. हे लिहिताना माझा हात आखडतो, पण खरं आहे. त्यांना प्रत्येकाचा वाढदिवस पाठ असतो. मोठ्या आवाजात त्या कधी बोलत नाहीत. आल्या आल्या त्यांनी सुतारकाकांना रंधा मारताना बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाल्या, “मावशी, तुमच्याकडे देणगी आहे. हे बाराच्या बारा खोल्यांत झालं पाहिजे.”

मी फुलले. एकोणीस वर्षं तळघरात काढलेल्या बाईला कुणी असं म्हटलं तर ती फुलणारच. आठवड्याने एक बाई कॅमेरा घेऊन आली. मला पांढरा कोट घालायला दिला, हातात निळी बाटली दिली आणि माहितीपत्रकावर माझा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या सुगंधतज्ज्ञ’. ते पत्रक मी घरी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. बहिणीने बघितलं आणि विचारलं, “कोट कुणाचा?” मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

प्रत्येक खोलीत एक डिफ्यूझर आला. दिवसभर वाफ सोडणारा, सगळीकडे लॅव्हेंडर, कुणी विचारलेलं असो नसो. नऊ नंबरचे काका वायर काढून ठेवायचे, ती कुणीतरी परत लावायचं. मी मॅडमना सांगायला गेले की पंधरा मिनिटं पुरे असतात आणि प्रत्येकाला एकच तेल चालत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “मावशी, मागच्या महिन्यात किती नातेवाईक आले होते? आणि या महिन्यात? मोजलंय मी. दुप्पट. लोकांना इथे श्वास घेववत नव्हता, म्हणून ते येत नव्हते. आता येतात, बसतात. हे तुम्हाला नको आहे का?”

सुतारकाकांची लेक आता नाकाला रुमाल लावत नव्हती. तासभर बसायची, बापाची नखं कापायची. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. एक दिवस मॅडम म्हणाल्या, सगळं छान आहे, फक्त सकाळी त्या मळक्या कपड्यांच्या पिशव्या व्हरांड्यात येतात तेव्हा घाण वास सुटतो. आणि मी, एकोणीस वर्षांच्या अनुभवाची शहाणी, मी स्वतःच्या तोंडाने म्हणाले, “पिशव्यांवर दोन फवारे लॅव्हेंडरचे मारले तर?” मॅडमनी माझा हात दाबला. दुसऱ्या दिवसापासून दोन फवाऱ्यांचे दहा झाले. आठवडा गेला नाही तोच नंबरांच्या पिशव्याही गेल्या. त्यांच्या जागी झाकणाची एक मोठी गाडी आली, सगळ्या खोल्यांच्या चादरी एकत्र, वरून सुगंधी फवारा. माझ्या लाल दोऱ्याच्या बारा पिशव्या घडी घालून फडताळात ठेवल्या. त्या ठेवतानासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सकाळी गाडीचं झाकण उघडलं की भस्सकन लॅव्हेंडर यायचं. दुसरं काहीच नाही. पाटीवर लिहायला काही उरलं नाही. एक दिवस कोरी, दोन दिवस कोरी, दहा दिवस कोरी. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सगळे बरे आहेत! गुरुवारी डॉक्टरही कोरी पाटी बघून लवकर निघून गेले. मॅडम पाटी बघून म्हणाल्या, “बघा मावशी, तेलांचा परिणाम.” मी मान डोलावली. आंधळ्याने दिवा विझवून ‘आता कसं छान दिसतंय’ म्हणावं, त्यातली गत. ज्या नाकाच्या जिवावर मी मिरवत होते, ते मी स्वतःच बुजवलं होतं, आणि वर त्याचा आनंद मानत होते. आजही ही ओळ लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्याच दहा दिवसांत सुतारकाका पुन्हा बिथरले. दुपारी मी देवदाराचा कापूस घेऊन गेले तर त्यांनी हात झटकून तो उडवला. मग डाव्या मुठीच्या सांध्यांनी लुळ्या उजव्या मांडीवर टकटक केलं. थोडं खाली सरकून पुन्हा टकटक. माझ्याकडे बघितलं. पुन्हा टकटक.

“काका, आज रुसलात वाटतं,” मी म्हणाले. आणि दुसरा थेंब टाकला. बहिणीचा नियम मला पाठ होता. माणूस मान फिरवतोय, हात झटकतोय, आणि मी थेंब वाढवतेय.

नवी सिस्टर तीन मजल्यांना एकटी. तिने मॅडमना कळवलं की सात नंबर अस्वस्थ आहेत. मॅडमनी त्यांच्या खोलीतलं यंत्र दुप्पट जोरावर ठेवायला सांगितलं आणि सगळ्यांना वाटलेल्या लोकरी मोज्यांचा जोड पाठवला. लॅव्हेंडरमध्ये भिजवून वाळवलेले मोजे, घोट्यावर संस्थेचं चिन्ह. आयेने ते काकांच्या पायांत चढवले. त्या मोज्यांचा विचार आला की माझं डोकं अजून तापतं.

अकराव्या दिवशी मंगळवारी मशीनचा पट्टा तुटला. कारागीर दुपारी येणार होता. चादरी साठून चालणार नव्हतं, म्हणून मी जुन्या पद्धतीने हौदात कडकडीत पाणी भरलं आणि सगळ्या एकदम बुडवल्या. वाफ आली. पहिली वाफ लॅव्हेंडरची, डोळ्यांत पाणी आणणारी. काठीने ढवळत होते. पाण्यात उकडलं की तेल आधी उडतं, हे बहिणीने मला सांगितलेलं होतं. पाच मिनिटांत ते उडून गेलं. आणि त्याच्या खालून दुसरा वास वर आला.

फुलदाणीत पाणी आठ दिवस तसंच राहिलं की येतो तसा, गोडसर आणि कुजका. एकोणीस वर्षांत मी तो तीनदा घेतला होता. कुठेतरी कुणाचं तरी मांस सडत होतं. माझ्या हातातली काठी पाण्यात पडली.

कुणाचं? बारा खोल्यांच्या चादरी एका हौदात. पिशव्या असत्या तर मी नंबर सांगितला असता. मी ओल्या ॲप्रनसकट जिना चढले.

वर नातेवाईकांचा दिवस चालू होता. मॅडम आठ-दहा पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यातून चालल्या होत्या, प्रत्येकाच्या हातात माझ्या फोटोचं पत्रक. मी एक नंबरच्या खोलीत शिरले, वास घेतला. लॅव्हेंडर. दोनमध्ये गेले. लॅव्हेंडर. तीन, चार, पाच. पोस्टातल्या काकूंचं पांघरूण उचलून हुंगलं तर त्या म्हणाल्या, “अगं, काय हरवलंय?” नाक चोंदल्यासारखं झालं होतं.

“मॅडम,” मी व्हरांड्यात सगळ्यांदेखत म्हणाले, “यंत्रं बंद करा. सगळी. खिडक्या उघडायच्या आहेत.”

मॅडम हसल्या. “या आमच्या मावशी, तुमच्या हातातल्या पत्रकावर आहेत ना, त्याच. मावशी, आपण नंतर बोलू.”

“नंतर नाही. कुणाला तरी मोठी जखम झालीय. सडलीय. चादरीला वास आहे.”

“मावशी,” त्या माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “पाहुणे आहेत. दहा दिवस तुमची पाटी कोरी आहे. सगळे ठीक आहेत म्हणून तुम्हीच मान डोलावलीत.”

हे खरं होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी आवाज चढवला. “माझी पाटी कोरी आहे कारण तुम्ही मला मळक्या चादरींवर अत्तर शिंपडून देताय! आणि मी घेतेय! म्हातारा माणूस बोलू शकत नाही, आणि त्याच्या वतीने जो वास बोलत होता त्याचंही तोंड आपण दाबलं. आपण दोघींनी मिळून. खोलीत चांगला वास येतो तो पाहुण्यांसाठी, मॅडम. आतल्या माणसासाठी नाही!”

मी सात नंबरमध्ये घुसले. यंत्र सगळ्यात जोरात तिथेच चाललं होतं. सुतारकाकांची लेक खुर्चीवर होती, ती दचकून उठली. मी खिडकी सताड उघडली, वायर उपटली आणि ते यंत्र गेलं खाली. अंगणातून फुटल्याचा आवाज आला. मॅडमच्या मागे सगळे पाहुणे दारात गोळा झाले.

“तुम्हाला काय झालंय मावशी?” लेक म्हणाली.

“पाच मिनिटं थांब. हवा खेळू दे.”

पाच मिनिटं फार मोठी असतात. मॅडम शांत आवाजात पाहुण्यांना चहाकडे नेण्याचा प्रयत्न करत होत्या. कुणी हललं नाही. काका माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी डावी मूठ उचलली आणि उजव्या मांडीवर टकटक केलं. थोडं खाली, टकटक. आणखी खाली हात पोचेना, तर ते मान उचलून खाली वाकायला बघू लागले.

“हे असं सारखं करतात,” मी म्हणाले. “दहा दिवस झाले.”

लेकीचा चेहरा पांढरा पडला. “बाबा लाकूड असं बघायचे,” ती म्हणाली. “जुनी चौकट आली की वरून खालपर्यंत ठोकत जायचे. वाळवी कुठे लागलीय, आतून कुठे पोकळ झालंय, ते आवाजावरून सांगायचे. बाबा, काय झालंय? खाली? खाली बघू?”

काकांनी डोळे मिटले आणि उघडले.

वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर तो वास आला. आता तो सगळ्यांना आला. दारातल्या एका गृहस्थांनी पत्रक नाकाला लावलं, माझाच फोटो. मी पांघरूण काढलं. उजव्या पायातला लोकरी मोजा टाचेला चिकटला होता. सिस्टरने तो कोमट पाण्याने भिजवून सोडवला. टाच काळी होती. मी एवढंच सांगते, जास्त सांगत नाही, कारण काकांना लाज वाटली होती आणि त्यांनी डाव्या हाताने तोंड झाकलं होतं. लाज! ज्याला आम्ही दहा दिवस सुगंधात घोळवला, त्याला लाज वाटत होती.

इस्पितळात डॉक्टरांनी लेकीला सांगितलं, आठ दिवस आधी आणलं असतं तर पाय वाचवता आला असता. गुडघ्याखाली कापावा लागला.

आठ दिवस. मी हिशेब केला. आठ दिवसांपूर्वी ते मला ठोकून दाखवत होते आणि मी म्हणत होते, रुसलात वाटतं.

दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. त्या रडलेल्या दिसत होत्या, आणि मला वाटतं ते खरंच होतं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. ‘मी संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय रहिवाशांवर सुगंधी तेलांचा वापर सुरू केला’, आणि खाली माझ्या सहीची जागा. त्याच टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता. मी वरचं एक उचललं आणि कागदावर ठेवलं.

“ही कोण आहे, मॅडम?”

“फोटो काढताना परवानगी होती. आता नाही?” मी म्हणाले. “सही मी करीन. पण कागद मी लिहीन.”

मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं. तेल मी आणलं, सिस्टर आणि डॉक्टरांना विचारून. त्याने काही माणसांना झोप लागली, काहींच्या घशाखाली घास उतरला, ते खरं आहे आणि ते मी मागे घेणार नाही. पिशव्यांवर फवारा मारायची कल्पना माझी. पिशव्या बंद केल्या तेव्हा मी गप्प बसले. पाटी कोरी राहिली तेव्हा मी खूश झाले. काकांनी नको म्हटलं तेव्हा मी दुसरा थेंब टाकला. मग तीन मजल्यांना एक सिस्टर, मोज्यांच्या आत न बघणं, यंत्र दुप्पट करणं, हे कुणाचं तेही लिहिलं. सही केली. एक प्रत मॅडमना दिली, दुसरी सुतारकाकांच्या लेकीला. तिने ती सरकारी तपासणीवाल्यांकडे पोचवली.

काय झालं? फार काही नाही. तपासणीवाले आले, दुसरी सिस्टर नेमली गेली, खोल्यांमधली यंत्रं काढली. मॅडम आहेत. पुढच्या दालनात, जिथे नातेवाईक नाव लिहितात, तिथे एक डिफ्यूझर अजून चालतो. आणि पत्रकांचा गठ्ठा संपलेला नाही, म्हणून मी अजूनही पांढऱ्या कोटात लोकांकडे बघून हसते. घरच्या कपाटातलं मात्र मी फाडून टाकलं. बहीण म्हणाली, “आता तेलांना हात लावणार नाहीस वाटतं.” मी म्हणाले, “का नाही? तेलाने काय केलं?” पण बाटलीला हात लावायला मला पाच आठवडे लागले.

बारा पिशव्या मी फडताळातून काढल्या. मॅडमना विचारलं नाही.

सुतारकाका परत आले तेव्हा लेक बरोबर होती. डोळे चुकवून मी चादर घालत होते, तर ती म्हणाली, “मावशी, तुमचा तो कापूस आणा ना. इस्पितळात सारखा हात चाळवत होते.”

मी खाली जाऊन बाटली आणली. खिडकी उघडली. आधी पायाच्या पट्टीजवळ वाकले आणि वास घेतला. औषधाचा, धुतलेल्या कापडाचा, दुसरा काही नाही. मग कापसावर एक थेंब टाकला आणि लांबूनच धरला. “काका, चालेल का? नको असेल तर नको.”

त्यांनी कापूस घेतला नाही. डावा हात वर केला, माझी मान धरून जवळ ओढली आणि मुठीच्या सांध्यांनी माझ्या कपाळावर टकटक केलं. कान तिरका करून ऐकलं. थोडं बाजूला सरकून पुन्हा ठोकलं.

लेकीला हसू फुटलं आणि रडूही. “काय बाबा? आतून पोकळ आहे का?”

काकांनी माझी मान सोडली, माझ्या हातातून कापूस घेतला आणि नाकाशी धरला. त्यांच्या हाताने पुढे-मागे जायला सुरुवात केली तेव्हा मी दाराशी पोचले होते. कपाळ जरा दुखत होतं. सात नंबरची पिशवी उचलली आणि खाली गेले.